कंसातली शांतता

हल शहरात, हेसल रोडच्या मागच्या गल्लीत
थेल्मा गारसाइडनं पहिली कॅसेट भरली
तेव्हा ट्रॉलर बंद पडून चार वर्षं झाली होती
आणि गडी माणसं घरात बसून होती,
बायकांच्या पायात पायात.

तुमच्या घरी रडायचं कोण?
हा तिचा पहिला प्रश्न.
चुकलाच तो.
बर्फातून कॉड ओढून आणणारा तो दांडगा माणूस
कुत्र्याकडे बघत राहिला,
कुत्रं दाराकडे.

विद्यापीठात म्हणाले, हे कसलं संशोधन,
या तर नळावरच्या गप्पा.
मंडळातल्या मैत्रिणी म्हणाल्या,
पुरुषांचं ऐकता ऐकता आमच्या आया संपल्या,
आता तू टेप लावून ऐकणार?
दोघांचंही थोडं थोडं खरं होतं.
तिनं बॅटऱ्या बदलल्या.

टाइप करायची अ‍ॅव्हरिल, तासाच्या हिशोबानं.
कानात हेडफोन, पायाखाली पेडल:
माणूस मागे घ्यायचा, पुन्हा सोडायचा.
बोलणं थांबलं की ती कंस उघडायची.
(शांतता, नऊ सेकंद.)
(शांतता. बशीवर चमचा.)
(खोकला. खोकलाच असावा.)
गाळू नकोस काही, एवढंच थेल्मा म्हणाली होती.

ज्या भाषेत मी हे लिहितो आहे
तिच्यात अबोला तो, शांतता ती,
आणि मौन बिचारं ते.
थेल्माला ही गंमत सांगायला हवी होती.
तिनं लगेच विचारलं असतं, आणि धुणं?
तेही नपुंसकलिंगी, म्हणालो असतो,
आणि माझं मलाच ऐकू आलं असतं.

चौथं प्रकरण धुण्याचंच आहे.
बोट सुटते त्या दिवशी घरात कपडे धुवायचे नाहीत;
धुतले तर माणूस धुऊन जातो.
बुडवायचं समुद्रानं, गंजक्या बोटीनं,
बोट बाहेर काढणाऱ्या मालकानं,
आणि आळ यायचा
बादलीतल्या दोन हातांवर.
आयडा कॉवूडनं त्या सकाळी
बाळाचं एक लंगोट धुतलं होतं.
एकच.
चाळीस वर्षं ती हे कुणाला बोलली नव्हती.
थेल्मानं तेव्हा टेप बंद केला
आणि पुस्तकात तसं लिहिलंही: इथे मी टेप बंद केला.

प्राध्यापक व्हायला तिला एकवीस वर्षं लागली.
तिच्या विद्यार्थ्याला नऊ.

निरोपाच्या दिवशी डीन सव्वीस मिनिटं बोलले.
विषय: ऐकण्याची कला.
कपबश्या कोण उचलतंय
हे तिनं सवयीनं पाहून ठेवलं.
मग अ‍ॅव्हरिलनं एक पाकीट पुढे केलं.
नंबर नसलेली कॅसेट होती एक, अठ्ठ्याऐंशी सालची.
टाइप करून ठेवली होती,
तू कधी मागितलीच नाहीस.

वर लिहिलेलं: वडील. स्वयंपाकघर.
खाली प्रश्न, एकच.
भीती वाटायची का, बाबा?
मग कंस उघडलेला,
आणि कोरं.
पान उलटलं तरी कोरं.
दुसऱ्या पानाच्या तळाशी कंस मिटलेला, आणि:
चहा गार होतोय.

किती वेळ होता हा?
सोळा मिनिटं, अ‍ॅव्हरिल म्हणाली.
दोनदा मोजली.

घरी कपाटात त्यांचा निळा लोकरी स्वेटर आहे,
गळ्याशी उसवलेला.
ते गेले त्याला आता एकोणीस वर्षं झाली.
तो अजून धुतलेला नाही,
चौथं प्रकरण लिहिणाऱ्या बाईनं.

मंगळवारी तिनं बादली भरली.
हात बुडवून पाहिला. कोमट होतं, बरोबर लोकरीपुरतं.
थोडा वेळ उभी राहिली.
मग त्या पाण्यानं
फरशी पुसून घेतली.